वाचकांची प्रश्नोत्तरे : इंग्रजीतला 'हाउस' आणि त्याच्या जोडीचे शब्द

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे 'हाउस' या एकाच शब्दाभोवती फिरणारे होते. हॉटेल, शॅक, होमस्टे, नाट्यगृह, शाळा अशा सगळीकडून ते आले, म्हणून हे सदर पूर्ण त्यालाच दिले आहे. घर म्हणजे 'हाउस' हे सगळ्यांना ठाऊक असते. अडते ते त्याच्या मागेपुढे येणाऱ्या 'ऑन', 'इन', 'द', 'माय' अशा चिमुकल्या शब्दांपाशी, त्यामुळे उत्तरांतही भर त्यांच्यावरच आहे.

प्रश्न : मी कांदोळीच्या एका रेस्टॉरंटमध्ये वेटर आहे. मालक कधी कधी ओळखीच्या पाहुण्यांना फेणी किंवा गोड पदार्थ फुकट देतात. 'धिस इज फ्रॉम द हाउस' म्हटले तर चालेल का? 'ऑन द हाउस' आणि 'कॉम्प्लिमेंटरी' यांत फरक काय? (पेडणे)

'फ्रॉम द हाउस' म्हटले तर पाहुण्याला साधारण कळेल, पण रूढ प्रयोग 'ऑन द हाउस' हाच. आपण मराठीत 'आजचा चहा माझ्याकडून' म्हणतो, त्या 'कडून'मुळे तोंडात 'फ्रॉम' येते. इंग्रजीत ज्याच्यावर खर्च पडतो त्याच्या आधी 'ऑन' लागतो. एखादा मित्र 'इट्स ऑन मी' म्हणाला, की पैसे तो देणार. 'ऑन द हाउस' म्हटले, की पैसे दुकान सोसणार. इथे 'हाउस'चा अर्थ खाणावळ, दारूचे दुकान, हॉटेल असा आहे. इंग्लंडमध्ये मद्यगृहाला 'पब्लिक हाउस' म्हणत आणि 'पब' हे त्याचेच आखूड रूप. त्यामुळे या प्रयोगात राहत्या घराचा काहीच संबंध नाही.

चार गोष्टी सांभाळा. 'द' गाळू नका. 'ऑन हाउस' असे कोणी म्हणत नाही. 'ऑन अवर हाउस' तर मुळीच नको, त्याचा अर्थ 'आमच्या घराच्या छपरावर' असा होईल. दहा पेये दिली तरी 'हाउस' एकवचनीच राहतो : 'द ड्रिंक्स आर ऑन द हाउस'. आणि हा शब्दसमूह नामाच्या आधी येत नाही. 'ऑन द हाउस ड्रिंक' चूक. तिथे 'अ कॉम्प्लिमेंटरी ड्रिंक' म्हणा. सर्वांत सोपे, नैसर्गिक वाक्य : 'धिस वन इज ऑन द हाउस.'

'कॉम्प्लिमेंटरी' हा औपचारिक शब्द. तो पत्रकात, मेनूत, खोलीतल्या पाण्याच्या बाटलीजवळच्या चिठ्ठीवर शोभतो. 'ऑन द हाउस' बोलण्यातला. त्यात 'तुमच्यासाठी खास, आत्ता, आमच्या खुशीने' असा भाव असतो. म्हणून जे आधीच भाड्यात धरलेले आहे त्याला तो वापरू नये. खोलीच्या दरात न्याहारी असेल तर 'ब्रेकफास्ट इज इन्क्लूडेड' म्हणा. 'ऑन द हाउस' म्हटले तर पाहुण्याला वाटते आपल्याला वेगळी सवलत मिळाली, आणि शेजारच्या टेबलावरही न्याहारी तशीच मिळते हे दिसले की त्याचा हिरमोड होतो.

भाषेबाहेरची एक गोष्ट, पण तुमच्या कामाची. तोंडाने 'ऑन द हाउस' म्हटले आणि केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, नेहमीसारखीच फाडली, तर तो पदार्थ बिलात छापून येतो आणि गल्ल्यापाशी वाद होतो. असा पदार्थ एनसी केओटीवर, म्हणजे 'नॉन-चार्जेबल' म्हणून घ्या, त्यावर कारण आणि परवानगी देणाऱ्याचे नाव लिहा आणि मगच पाहुण्याला सांगा.

प्रश्न : मेनूत 'हाउस वाइन' लिहिले आहे. पाहुणे विचारतात, ही तुम्ही इथेच बनवता का? काय उत्तर द्यावे? (म्हापसा)

'हाउस वाइन' म्हणजे त्या जागेने आपली नेहमीची म्हणून निवडलेली वाइन. पाहुण्याने नाव न घेता नुसती 'अ ग्लास ऑफ रेड' मागितली तर जी ओतायची, ती. ती बहुधा ग्लासाने किंवा कॅराफने, म्हणजे काचेच्या सुरईने, विकतात. तिथेच बनवलेली असण्याचा संबंध नाही. उत्तर द्या : 'नो, इट्स द वाइन वी सर्व्ह बाय द ग्लास', आणि लगेच कंपनीचे आणि द्राक्षाचे नाव सांगा, कारण पुढचा प्रश्न तोच असतो.

स्वयंपाकघरात बनवलेल्या वस्तूसाठी 'हाउस-मेड' किंवा 'मेड इन-हाउस' आहे. तुमचे लोणचे, रेशाद मसाला, आइस्क्रीम तुमच्याच स्वयंपाकघरात होत असेल तर 'हाउस-मेड' लिहा. 'होम-मेड' लिहिले तर कोणाच्या तरी घरी बनवून आणल्यासारखे वाटते. तसे खरेच असेल तर तेही खुशाल लिहावे.

प्रश्न : मी हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाला आहे. 'इन-हाउस', 'हाउस युज', 'हाउस काउंट', 'हाउस बँक' या शब्दांत गोंधळ होतो. (फोंडा)

या सर्वांत 'हाउस' म्हणजे हॉटेल, एवढे पक्के केले की अर्धा गोंधळ मिटतो.

'हाउस काउंट' म्हणजे त्या रात्री हॉटेलात असलेली माणसे. विद्यार्थी इथे खोल्या मोजतात. समजा 60 खोल्यांचे हॉटेल आहे, 44 खोल्या भरल्या आहेत, त्यांतल्या 30 खोल्यांत दोघे दोघे आणि 14 खोल्यांत एकेकटा पाहुणा आहे. हाउस काउंट 74. सकाळी अंडी किती उकडायची हे स्वयंपाकघर या आकड्यावरून ठरवते, 44 वरून ठरवले तर आठ वाजताच बुफे रिकामा होईल.

'हाउस युज' म्हणजे हॉटेलने स्वतःच्या कामासाठी घेतलेली खोली. ड्युटी मॅनेजर तिथे झोपतो, कधी ती तात्पुरते कार्यालय होते. 'कॉम्प्लिमेंटरी' खोलीचेही भाडे येत नाही, पण तिथे पाहुणा असतो. 'आउट ऑफ ऑर्डर' खोली दुरुस्तीसाठी बंद असते. रात्रीच्या अहवालात हे तीन रकाने वेगळे असतात. हाउस युजची खोली कॉम्प्लिमेंटरीत टाकली, तर पाहुण्यांना फुकट खोल्या वाटल्याचे चित्र वरिष्ठांपुढे जाते.

'हाउस बँक' म्हणजे पाळी सुरू होताना कॅशियरच्या ताब्यात दिलेली सुट्ट्या पैशांची ठरावीक रक्कम. घेताना मोजायची, देताना तेवढीच मोजून परत करायची, वर उरलेली ती दिवसाची जमा. 'हाउस लिमिट' म्हणजे पाहुण्याच्या खात्यावर उधारी किती चढू द्यायची त्याची मर्यादा. ती ओलांडली, की फ्रंट ऑफिस पाहुण्याकडे काही रक्कम भरण्याची विनंती करते.

'इन-हाउस'मध्ये 'द' येत नाही. 'इन-हाउस गेस्ट' म्हणजे सध्या उतरलेला पाहुणा, 'इन-हाउस लॉन्ड्री' म्हणजे हॉटेलची स्वतःची. क्रियाविशेषण म्हणूनही चालते : 'वी डू अवर लॉन्ड्री इन-हाउस', कपडे बाहेर धुवायला जात नाहीत. मध्ये 'द' घातला तर 'इन द हाउस', म्हणजे नुसते घराच्या आत.

'हाउसकीपिंग'चा एक दुसरा अर्थही लक्षात असू द्या. सभेच्या किंवा प्रशिक्षणाच्या सुरुवातीला कोणी 'अ फ्यू हाउसकीपिंग पॉइंट्स' म्हणाले, तर झाडलोटीचा विषय निघालेला नसतो. चहा कधी, स्वच्छतागृह कुठे, मोबाइल बंद ठेवा, अशा किरकोळ व्यवस्थेच्या सूचना येणार असतात.

प्रश्न : आमच्या नाट्यमंडळाच्या इंग्रजी पत्रकात 'अवर प्ले वॉज हाउसफुल' लिहिले. एका शिक्षकांनी चूक काढली. चूक कुठे? (फोंडा)

शिक्षकांचे बरोबर आहे. दारावर लावायची 'हाउस फुल्ल' पाटी आपल्याकडे इतकी रुळली आहे, की तो मराठीच शब्द झाला. मराठीत बोलताना तो निःशंक वापरा. इंग्रजी पत्रकात मात्र 'द प्ले रॅन टू अ फुल हाउस' किंवा 'वी प्लेड टू अ पॅक्ड हाउस' लिहा. क्रियापद 'प्ले' किंवा 'रन', पुढे 'टू', मग 'अ'. राजीव गांधी कलामंदिरात सलग तीन प्रयोग भरले तर 'प्लेड टू फुल हाउजिज'.

इंग्रजीत 'हाउसफुल' हे नाम आहे, पण त्याचा अर्थ 'घरभर' : 'वी हॅड अ हाउसफुल ऑफ रिलेटिव्हज फॉर चवथ.' चवथीला घर भरून माणसे, त्याला हा शब्द चपखल बसतो.

नाट्यगृहाच्या बाबतीत 'हाउस' म्हणजे प्रेक्षागृह आणि त्यातले प्रेक्षकही. त्यातूनच 'ब्रिंग द हाउस डाउन' आले. टाळ्या आणि हशांनी नाट्यगृह डोक्यावर घेतले, असा त्याचा अर्थ. तियात्रातल्या, म्हणजे कोकणी संगीत नाटकातल्या, एखाद्या कांतारावर (गाण्यावर) लोक उठून टाळ्या वाजवतात ना, तेच. शब्दांची जागा सांभाळा : 'हर साँग ब्रॉट द हाउस डाउन.' 'नॉट अ ड्राय आय इन द हाउस' म्हणजे सगळ्यांचे डोळे पाणावले. नटमंडळींच्या बाजूला कधी कधी 'बॅक ऑफ हाउस'ही म्हणतात, पण नेहमीचा शब्द वेगळा. रंगमंचामागे 'बॅकस्टेज', तर तिकीट-खिडकी, दरवान, बैठकव्यवस्था हे 'फ्रंट ऑफ हाउस'. 'बॅक ऑफ हाउस' हॉटेलात जास्त ऐकू येते : स्वयंपाकघर, भांडी घासण्याची जागा, कोठार.

'फुल हाउस' आणखी दोन ठिकाणी भेटेल. तंबोल्याच्या तिकिटावर तीन ओळींत पाच पाच असे 15 आकडे असतात. ते सगळे लागले की फुल हाउस. पोकरमध्ये तीन सारखी पाने आणि वर एक जोडी. तीन राजे आणि दोन सत्त्या, म्हणजे फुल हाउस. तो फ्लशला, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांना, हरवतो, चार सारख्या पानांपुढे हरतो.

हॉटेल भरले असेल तर पाहुण्याला फोनवर 'वी आर हाउसफुल' म्हणू नका. 'आय अ‍ॅम अफ्रेड वी आर फुली बुक्ड टुनाइट.'

प्रश्न : 'द हाउस ऑलवेज विन्स' म्हणजे काय? मांडवीतल्या कॅसिनोंच्या बातमीत वाचले. (पणजी)

इथे 'हाउस' म्हणजे कॅसिनो चालवणारा. जुगारात शेवटी फायदा त्याचाच, हा अर्थ. त्यामागे रोकडे गणित आहे आणि त्याला 'हाउस एज' म्हणतात. एका शून्याच्या रूलेटमध्ये 37 घरे असतात. प्रत्येक घरावर 100 रुपये लावले तर 3,700 रुपये गेले. एक घर लागणारच. त्यावर 35 पट म्हणजे 3,500 आणि मूळचे 100, असे 3,600 परत. शंभर रुपये हाउसकडे राहिले, म्हणजे 2.70 टक्के. दोन शून्यांच्या चाकात घरे 38 आणि परतावा तेवढाच, म्हणून हाउस एज 5.26 टक्के. एखाद्या रात्री कोणी भरपूर जिंकतो, पण हजारो फेऱ्यांत ही टक्केवारी चुकत नाही. तुमच्या बातमीतले वाक्य एवढ्यावरच उभे आहे. राजकारणात किंवा व्यवहारातही, नियम ठरवणाऱ्याच्या बाजूनेच खेळ झुकलेला असतो असे म्हणायला ते वापरतात.

प्रश्न : आम्ही नुकतेच साखळीहून पर्वरीला राहायला गेलो. 'वी शिफ्टेड अवर हाउस' बरोबर का? आणि 'आय हॅव ओन हाउस'? (पर्वरी)

'वी मूव्ह्ड हाउस.' बस्स, मध्ये काही नाही. 'मूव्ह्ड द हाउस' म्हटले तर भिंतींसकट घर उचलून नेल्यासारखे होते. 'शिफ्टेड' आपल्याकडे सगळ्यांना समजते, बाहेरच्या इंग्रजी बोलणाऱ्यांना मात्र खटकते. कुठून कुठे ते सांगायचे असेल तर 'हाउस' गाळूनच टाका : 'वी मूव्ह्ड फ्रॉम साखळी टू पर्वरी.' असेच 'द'शिवाय येणारे आणखी दोन : 'कीप हाउस' म्हणजे घर चालवणे, 'सेट अप हाउस' म्हणजे संसार थाटणे.

'ओन'च्या आधी कोणाचे ते सांगणारा शब्द हवाच. 'आय हॅव माय ओन हाउस' किंवा 'आय हॅव अ हाउस ऑफ माय ओन'. 'अ‍ॅन ओन हाउस' सुद्धा चूक. बँकेच्या अर्जापासून लग्नाच्या स्थळापर्यंत ही चूक सर्रास दिसते, म्हणून जरा जोर देऊन सांगतो.

नव्या घरी पूजा असेल तर निमंत्रणात 'हाउसवॉर्मिंग' चालतो, पण त्यात धार्मिक विधी नसतो, नुसते खाणेपिणे असते. वास्तुशांतीला बोलावत असाल तर 'वास्तुशांती' हाच शब्द ठेवा आणि खाली 'फॉलोड बाय लंच' लिहा. परदेशी पाहुणे येणार असतील तर 'अ पूजा टू ब्लेस द न्यू हाउस' असा खुलासा जोडावा.

प्रश्न : 'गेस्ट हाउस' आणि 'हाउस गेस्ट', 'बोट हाउस' आणि 'हाउस बोट' यांत नेहमी घोटाळा होतो. (डिचोली)

शेवटचा शब्द पाहा, वस्तू ती. त्याच्या आधीचा शब्द नुसता ती कसली हे सांगतो. मराठीची रीतही तीच : देवघर हे घर असते, घरजावई हा जावई असतो. म्हणून गेस्ट हाउस ही इमारत आणि हाउस गेस्ट हा माणूस, तोही कोणाच्या खासगी घरी उतरलेला. हाउसबोट ही नदीतली राहण्याची होडी, बोटहाउस ही होड्या ठेवायची शेड. जाहिरातीत 'बोटहाउस स्टे' लिहिलेले दिसते; वाचणाऱ्याला वाटेल शेडमध्ये झोपायचे आहे.

प्रश्न : आमच्या होमस्टेच्या जाहिरातीत 'होमली फॅमिली, होमली फूड' लिहिले आहे. एका अमेरिकन पाहुण्याला हसू आले. का? (काणकोण)

ब्रिटिश इंग्रजीत 'होमली' म्हणजे घरगुती, आपलेपणाचा. अमेरिकेत माणसाला 'होमली' म्हटले तर दिसायला बेताचा. तुमच्या कुटुंबाविषयी तसे छापले गेले. 'फ्रेंडली फॅमिली, होम-कुक्ड फूड' लिहा, दोन्हीकडे निभावते. सूचनांच्या फलकावर 'हाउस रूल्स' लिहा. तो नेहमी अनेकवचनी. कुत्री-मांजरी आणू देत असाल तर 'इज युअर डॉग हाउस-ट्रेन्ड?' विचारावे लागते, म्हणजे ते घरात घाण करत नाही ना. अमेरिकन लोक त्यालाच 'हाउसब्रोकन' म्हणतात. या शब्दाला दचकू नका; आपल्याकडे पोलिसांच्या कागदावर 'हाउसब्रेकिंग' म्हणजे घरफोडी असते, पण कुत्र्याबाबत तो शिकवणीचा शब्द आहे.

प्रश्न : 'दे गॉट ऑन लाइक अ हाउस ऑन फायर' हे भांडणाविषयी आहे ना? घर असलेले आणखी वाक्प्रचार सांगा. (वाळपई)

उलट. पाहताक्षणी गट्टी जमली, असा अर्थ. आग पसरायला वेळ लागत नाही, तशी मैत्री भराभर वाढली. क्रियापद 'गेट ऑन', अमेरिकेत 'गेट अलाँग'. 'गॉट ऑन' गाळून नुसते 'लाइक अ हाउस ऑन फायर' म्हटले तर ऐकणारा आगच समजेल.

'हाउस ऑफ कार्ड्स'ला आपला पत्त्यांचा बंगला जसाच्या तसा आहे, निश्चिंतपणे वापरा. 'सेफ अ‍ॅज हाउजिज' म्हणजे अगदी सुरक्षित. अनेकवचनातच येतो आणि तो ब्रिटिश आहे. 'हाउस-प्राउड'चा अर्थ बहुतेक जण चुकवतात. घराचा अभिमान बाळगणारा असे वाटते, पण तो घर सतत लखलखीत ठेवण्याचा ध्यास असलेल्या माणसाला म्हणतात, आणि त्यात कधी कधी किंचित टीकाही असते.

'पुट युअर ओन हाउस इन ऑर्डर' म्हणजे दुसऱ्याला सांगण्याआधी आपला कारभार सावरा. तिथे 'युअर', 'हिज', 'देअर' असा मालकी दाखवणारा शब्द लागतो. विधानसभेच्या बातमीतले 'द स्पीकर कॉल्ड द हाउस टू ऑर्डर' याच्याशी ते मिसळू नका. तिथे 'हाउस' म्हणजे 40 आमदारांचे सभागृह, इंग्रजीत मोठा एच् घालून लिहायचे, आणि अर्थ सभापतींनी सभागृहाला शांत राहण्यास सांगितले.

प्रश्न : शाळेतून 'ओपन हाउस'ची चिठ्ठी येते. इंग्लंडमधल्या माझ्या भाचीला ते कळले नाही. (मडगाव)

पालकांनी येऊन उत्तरपत्रिका पाहायच्या, शिक्षकांशी बोलायचे, हा 'ओपन हाउस' आपल्या शाळांचा. इंग्लंडमध्ये त्याला 'पेरेंट्स ईव्हनिंग' म्हणतात. 'ओपन हाउस' म्हटले की अमेरिकेत विकायचे घर गिऱ्हाइकांना पाहायला खुले ठेवण्याचा दिवस डोळ्यांपुढे येतो. 'कीप ओपन हाउस' म्हणजे कोणीही कधीही यावे, जेवून जावे असे दार उघडे ठेवणे.

प्रश्न : 'हाउस'चे अनेकवचन कसे उच्चारावे? (म्हापसा)

एकवचनात शेवट 'स', अनेकवचनात तो 'बाजार'मधल्या 'ज'सारखा : 'हाउजिज'. पर्वरीजवळच्या तोर्डा इथल्या 'हाउजिज ऑफ गोवा' संग्रहालयाचे नाव याच रीतीने म्हणा. 'हाउस' क्रियापद झाला, म्हणजे 'जागा देणे' या अर्थी आला, तरी 'हाउज', आणि म्हणून 'हाउजिंग बोर्ड'. अमेरिकेत अनेकवचनात 'स' ऐकू येतो, तो चूक मानू नका. जोडशब्दात जोर पहिल्या भागावर द्या. 'लाइटहाउस' म्हणताना जोर 'लाइट'वर दिला तर ऐकणाऱ्याला आग्वादचा दीपस्तंभ कळतो. दोन्ही शब्द सुटे करून 'हाउस'वर जोर दिला, तर त्याला वजनाने हलके किंवा फिक्या रंगाचे घर वाटेल.